आतड्याचा लिम्फोमा: मामांच्या फाईलमध्ये टाईप १ पण आहे आणि टाईप २ पण, नक्की काय समजायचं?

हिरण्यकेशी_काठ

नमस्कार मंडळी, जरा लांबच लिहितोय, सांभाळून घ्या. आमचे मामा, वय ६१, संकेश्वरला असतात, शेतीवाडी बघतात. त्यांना काही वर्षांमागं सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं लहान आतड्याचं अस्तर खराब होतं तो आजार. हिमोग्लोबिन काय केल्या वर यायचंच नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन वैतागले, मग बेळगावच्या एका डॉक्टरांनी टीटीजी म्हणून रक्ताची टेस्ट केली आणि दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा कळलं. तेव्हापासून गहू बंद. मामी म्हणजे या बाबतीत लई कडक, शाळूची भाकरी, नाचणी, भात, बस्स.

दोनेक वर्षं छान गेली आणि मग परत सुरू. जुलाब, वजन उतरायला लागलं, रात्री अंगात कणकण. एका डॉक्टरांनी टीबी असणार म्हणून गोळ्या सुरू केल्या, त्यानं काय फरक नाही. परत दुर्बीण, तेव्हा कागदावर लिहून आलं "रिफ्रॅक्टरी सिलिॲक, टाईप २". बुडेसोनाईड (आतड्यावर काम करणारं स्टेरॉईड) चालू झालं. आणि गेल्या महिन्यात रात्री अचानक पोट दगडासारखं झालं, उचलून नेलं तर आतडं फुटलेलं, तातडीनं ऑपरेशन, जेजुनमचा (लहान आतड्याचा मधला भाग) तुकडा काढला. त्याच्या बायोप्सीत एन्टेरोपथी असोसिएटेड टी सेल लिम्फोमा आलाय, म्हणजे टी पेशी या पांढऱ्या पेशींचा आतड्यातला कॅन्सर.

आता माझा घोळ असा की नेटवर बघितलं तर कुठं लिहिलंय याचे टाईप १ आणि टाईप २ असे दोन प्रकार, कुठं म्हणायलेत टाईप २ आता यात येतच नाही, आणि आमच्या फाईलमध्ये तर टाईप २ ठळक लिहिलंय. सर्जन म्हणाले पुढचं ऑन्कॉलॉजीवाले (कॅन्सरचे डॉक्टर) बघतील, त्यांची वेळ सोमवारची आहे. तोवर घरात नुसती चर्चा. मामी तर रडून सांगायलीय की यल्लम्माच्या जत्रेहून आल्यावर यांनी पाहुण्यांकडं मांडा (गव्हाची गोड पोळी) खाल्ला, मी बघत होते, अडवलं नाही, त्यानंच झालं.

रिपोर्टमधलं खाली देतो, सीडी म्हणजे पेशीवरच्या खुणांचे नंबर एवढंच मला कळलंय, कुणाला कळत असेल तर सांगा. सीडी ३, सीडी ७, सीडी १०३, सीडी ३० पॉझिटिव्ह. सीडी ४, सीडी ५, सीडी ८, सीडी ५६, सीडी २० निगेटिव्ह. ईबर निगेटिव्ह. केआय-६७ (पेशी किती वेगानं वाढतायत त्याचं माप) ७० टक्के. आणि मामाची पोरं विचारायलेत की आम्हाला पण होणार काय.

स्लाईडवाला_टिळकवाडी

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे, पण डॉक्टर नाही, त्यामुळं हे समजून घेण्यापुरतं वाचा, उपचाराचं सोमवारी तिथंच ठरवा.

तुमचा घोळ होणारच कारण इथं "टाईप १ टाईप २" ही जोडी दोन वेगळ्या ठिकाणी वापरतात आणि दोन्ही ठिकाणी आजार सिलिॲकच्या आसपासचाच असतो. सगळे इथंच फसतात.

पहिली जोडी रिफ्रॅक्टरी सिलिॲकची. म्हणजे गहू, बार्ली, राय कडक बंद करून सहा महिने ते वर्ष झालं तरी त्रास आणि आतड्याच्या अस्तराची झीज तशीच राहते, असा सिलिॲक. त्यात टाईप १ मध्ये अस्तरातल्या लिम्फोसाईट (पांढऱ्या) पेशी वाढलेल्या असतात पण स्वभावानं नॉर्मल असतात, स्टेरॉईड किंवा बुडेसोनाईडनं बरेच जण सुधारतात. टाईप २ मध्ये त्या पेशीच बिघडलेल्या असतात, पृष्ठभागावरचा सीडी ३ आणि सीडी ८ गायब, सीडी ३ फक्त पेशीच्या आत सापडतो, आणि टी सेल रिसेप्टरच्या जीनची टेस्ट केली तर सगळ्या एकाच पेशीची पिल्लावळ निघते. म्हणजे हा अजून गाठीचा कॅन्सर नाही पण त्याच्या उंबऱ्यावरचा. यातून पाच वर्षांत लिम्फोमा होण्याचं प्रमाण साधारण ३० ते ५० टक्के सांगतात. मामांच्या जुन्या कागदावरचा टाईप २ तो हा.

दुसरी जोडी लिम्फोमाचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणात एन्टेरोपथी असोसिएटेड टी सेल लिम्फोमाचे टाईप १ आणि टाईप २ असे दोन होते. टाईप १ सिलिॲकशी जोडलेला, ८० ते ९० टक्के केसेस त्याच. टाईप २ उरलेल्या. पण नंतर लक्षात आलं की टाईप २ वाल्यांत बहुतेकांना सिलिॲक नसतोच, पेशी वेगळ्या, जीनमधले बिघाड वेगळे, मग त्याला या नावाखाली ठेवायचं कशाला. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत त्याला बाहेर काढला आणि नवीन नाव दिलं, मोनोमॉर्फिक एपिथेलिओट्रॉपिक इन्टेस्टायनल टी सेल लिम्फोमा, लोक मीटल म्हणतात. आता एन्टेरोपथी असोसिएटेड म्हटलं की तो जुना टाईप १ च. त्यापुढं आकडा लावायची गरजच राहिली नाही. नेटवरची जुनी पानं कुणी बदलत नाही म्हणून तुम्हाला दोन्ही दिसलं.

तसं या आजाराचं नामकरण पहिल्यापासूनच असं आहे. सिलिॲकसारख्या जुलाबाच्या पेशंटना आतड्याचा लिम्फोमा होतो हे इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९६२ मध्येच छापलं होतं, मग मधली कितीतरी वर्षं या पेशी हिस्टिओसाईट (दुसऱ्याच जातीच्या पेशी) आहेत असं समजायचे, टी पेशी आहेत हे १९८५ मध्ये दाखवलं.

आता तुमचा रिपोर्ट. सीडी ३ आणि सीडी ७ आहेत, सीडी ५ नाही, सीडी ४ आणि ८ दोन्ही नाहीत, सीडी १०३ आहे म्हणजे पेशी आतड्याच्या अस्तरातूनच आलेली, सीडी ५६ नाही, मोठ्या पेशींवर सीडी ३० आहे. हे सगळं सिलिॲकवाल्या प्रकारात चपखल बसतं. मीटलमध्ये बहुतेक वेळा सीडी ८ आणि सीडी ५६ पॉझिटिव्ह येतात, पेशी सगळ्या एका मापाच्या दिसतात, मॅटके म्हणून एक डाग लावतात तो पण पॉझिटिव्ह येतो. ईबर निगेटिव्ह म्हणजे एपस्टाईन-बार व्हायरसवाला एनके टी सेल लिम्फोमा पण बाजूला पडला.

रिपोर्टमध्ये एक ओळ शोधा, गाठीच्या शेजारच्या आतड्याबद्दल काय लिहिलंय. विलाय (अस्तरावरची बारीक बोटांसारखी टोकं) सपाट झालेत, अस्तरात लिम्फोसाईट वाढलेत असं असेल तर चित्र पूर्ण झालं.

हिरण्यकेशी_काठ

सर आहे ती ओळ!! "ॲडजसंट म्युकोसा शोज व्हिलस ॲट्रॉफी" असंच लिहिलंय. म्हणजे जुना टाईप २ आणि आताचा लिम्फोमा हे एकाच वाटेवरचे, बरोबर ना?

स्लाईडवाला_टिळकवाडी

हो. आधी सिलिॲक, मग रिफ्रॅक्टरी टाईप २, मग हा. सगळ्यांचं या क्रमानं होतं असं नाही हां, काहींना सिलिॲक आहे हेच लिम्फोमा निघाल्यावर कळतं, आतडं फुटून किंवा अडकून ऑपरेशन टेबलवर.

गव्हाचीखीर_जिंदाबाद

म्हणजे गव्हानं कॅन्सर होतो म्हणा की. मग आपण सगळ्यांनीच सोडायचा काय. लग्नात हुग्गी (गव्हाची खीर) नसली तर जेवण झालं असं वाटत नाही आमच्याकडं 😀

स्लाईडवाला_टिळकवाडी

नाही हो, खावा हुग्गी. सिलिॲक व्हायला एचएलए डीक्यू २ किंवा डीक्यू ८ हे जीन लागतात, ते तर ३०-४० टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या फार थोड्यांना सिलिॲक होतो. भारतात एक मोठी पाहणी झाली, २०१६ मध्ये छापून आली, तिच्यात उत्तरेत प्रमाण १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के सापडलं, जीन दोन्हीकडं आहेत, फरक बराचसा रोज गहू किती खाता याचा. आपल्याकडं शाळू आणि भातावरची माणसं, चपाती आत्ता आत्ता रोजची झाली, म्हणून इथल्या डॉक्टरांना पण पटकन सिलिॲक सुचत नाही, आधी टीबीच सुचतो, आणि आपल्या देशात आतड्याचा टीबी खरंच भरपूर असल्यामुळं त्यांचं पण पूर्ण चूक म्हणता येत नाही. आणि सिलिॲकवाल्यांत पण हा लिम्फोमा दुर्मिळच. युरोपात जिथं सिलिॲक भरपूर तिथं वर्षाला दहा लाख लोकांत एखादा पेशंट निघतो.

मच्छे_कारखाना

आमच्या काकांना झाला होता तो दुसरा, मीटलवाला. त्यांना सिलिॲक बिलिॲक काय नव्हतं, टीटीजी निगेटिव्ह, जन्मभर चपाती खाल्लेली. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाले आशियातल्या लोकांत हाच जास्त सापडतो. काका आता नाहीत, पण त्या सगळ्यातनं गेल्यावर जे कळलं ते सांगतो, दोन्ही प्रकारात उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, घरात कुणीतरी येऊन सांगेलच की अमक्याला पण लिम्फोमा होता आणि रिटुक्सिमॅबच्या इंजेक्शननं खणखणीत बरा झाला. ते बी सेल लिम्फोमाचं औषध, सीडी २० वर चालतं. तुमच्या रिपोर्टमध्ये सीडी २० निगेटिव्ह आहे. आमच्याकडं यावरून भाऊबंदात भांडणं झाली, डॉक्टर मुद्दाम देत नाहीत म्हणून, तेव्हा आधीच माहीत असू दे.

नेहमीची केमो म्हणजे चॉप, चार औषधं मिळून, तीन आठवड्यांनी एक अशी. नुसत्या चॉपवर या लिम्फोमाचा निकाल फार चांगला नाही, पाच वर्षांनी दहातले एक-दोघं, हे मी गोड करून सांगत नाही. पण माणूस तब्येतीनं टिकला तर त्याच्या पुढचं पण आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी आयव्हीई (तीन औषधांची जोडणी) आणि मेथोट्रेक्सेट अशी जोरदार केमो आणि नंतर स्वतःच्याच स्टेम सेलचं ट्रान्सप्लांट असं २६ पेशंटना दिलं, २०१० मध्ये छापलं, त्यात पाच वर्षांनी ६० टक्के जिवंत होते. पेशंट निवडक होते हे पण तितकंच खरं. आणि सीडी ३० पॉझिटिव्ह आहे म्हणताय तर ब्रेंटुक्सिमॅबबद्दल सोमवारी विचारा, ते सीडी ३० वरच बसतं. महाग आहे, पण विचारायला काय जातंय.

आणि एक. केमो सुरू झाल्यावर पहिल्या पहिल्या सायकलला गाठ विरघळते आणि तिथंच आतडं फुटू शकतं, हे आम्हाला डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. मामांचा तुकडा काढलाय म्हणजे मोठी गाठ गेलीय, पण बऱ्याचदा एकाहून जास्त ठिकाणी असते. म्हणून पोटात एकदम दुखलं, ताप आला, पोट फुगलं की सकाळची वाट बघत बसू नका, रात्रीच गाडी काढा. संकेश्वरहून हायवेला लागलं की बेळगाव काय लांब नाही.

मलप्रभा_खानापूर

पथ्याचं मी सांगते, माझ्या धाकट्या मुलीला सिलिॲक आहे, शाळेत असल्यापासून.

आधी मामींना सांगा की एका मांड्यानं लिम्फोमा होत नाही. वर्षानुवर्षं सिलिॲक न कळता गहू पोटात जात राहिला तर धोका वाढतो, हे खरं. पण त्यांना जो टाईप २ निघाला त्याचा अर्थच असा की पथ्य पाळून पण ऐकत नाही. म्हणजे कागदावरच लिहून आलंय की मामींनी पथ्य नीट केलं. हे त्यांना बसून सांगा, फोनवर नको.

पथ्य आता पण सोडायचं नाही, केमो चालू असताना सुद्धा, उलट तेव्हाच आतड्याला विश्रांती पाहिजे. आणि हॉस्पिटलच्या कँटीनला सांगून ठेवा कारण तिथं नाश्त्याला हमखास उप्पीट येतं आणि नर्सबाई म्हणते हलकं आहे घ्या, रवा म्हणजे गहूच की.

आमच्याकडं काय काय फसतं ते ऐका. खपली गहू. चिक्कोडी अथणीकडची माणसं आणून देतात आणि सांगतात हा जुना गहू, शुगरवाल्यांना पण चालतो, याला काय होत नाही. सिलिॲकला अजिबात चालत नाही, खपलीत पण ग्लुटेन आहेच. मग हिंग. डबीतला पावडर हिंग बघा, मागं वाचा, मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं बऱ्याच वेळा, आणि आपण तर डाळ, कढी, भाजी सगळ्यात चिमूट टाकतो. तांदळाच्या पिठातला मिळतो तो घ्या. ओट्स पण गव्हाच्याच कारखान्यात भरडलेले असतात.

आणि गिरणी. ही माझी खास जागा आहे भांडायची. गिरणीवाला आधीच्या गिऱ्हाईकाचे गहू दळतो आणि त्याच पाट्यात आपला शाळू ओततो, पहिलं किलोभर पीठ पांढरं-पिवळं मिसळलेलंच येतं, तुम्ही डबा बघितला तर दिसतं. मी सांगायची आधी तांदूळ टाक, तो म्हणायचा वैनी तेवढ्यानं काय मरतंय. शेवटी घरात छोटी चक्की घेतली. मामींनी इतकं कडक पाळलं तरी गिरणीचं कुणी बघितलंय काय विचारा. दोष द्यायला नाही हां, पुढं सुधारायला. वाटीभर पिठात चिमूटभर गहू गेला तरी सिलिॲकला तो पोचतो.

रेल्वेगेट_तिसरं

सोमवारच्या आधी हे गोळा करा. ऑपरेशनच्या तुकड्याच्या काचा (स्लाईड) आणि तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक, दोन्ही. नुसता कागद घेऊन गेलात की पुढच्या हॉस्पिटलात परत सगळं पहिल्यापासून. जुन्या दुर्बिणीच्या बायोप्सीचे ब्लॉक पण मागा, ज्यात टाईप २ आला तो, दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं तर पॅथॉलॉजिस्टला सोपं पडतं. लॅबवाले ब्लॉक द्यायला कुरकुर करतात, अर्ज लिहून द्या, पेशंटचा हक्क आहे. इतका दुर्मिळ लिम्फोमा आहे म्हणल्यावर दुसरं मत घ्यायलाच पाहिजे, परळचं टाटा आहे, बेंगळूरला किदवई कॅन्सर हॉस्पिटल आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्री बसलं की सकाळी बेंगळूर. तिथं कन्नड आलं की कामं पटपट होतात, मामांना येतंच असणार संकेश्वरचे म्हणजे.

खर्चाचं, बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के आणि दीड लाखापर्यंत. ट्रान्सप्लांट यात बसतं का ते आधीच विचारा, नंतर पळापळ नको. आणि महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लावायचं ठरवलं होतं, दोन सरकारं त्यावरून भांडली ते वेगळं, पण तुमचं गाव यादीत असेल तर मिरज कोल्हापूरकडं आरोग्यमित्राला विचारून बघायला हरकत नाही. आपल्या वाटणीला दोन्हीकडचे हेलपाटेच आहेत, त्यातला एखादा तरी कामी येऊ दे.

पेट स्कॅन (आजार अंगात कुठं कुठं आहे ते दाखवणारा) सांगतील, तो होईपर्यंत केमोची घाई करू नका म्हणून कुणी सांगितलं तर ते बरोबर आहे. आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किती आहे बघा. वजन उतरलेल्या माणसाला आधी आहारतज्ज्ञाकडं दाखवून, गरज पडली तर शिरेतून खाणं देऊन, थोडं उभं करतात मगच केमो झेपते.

हिरण्यकेशी_काठ

काय बोलू, सगळ्यांचे आभार. अल्ब्युमिन २.४ आहे. ब्लॉकसाठी उद्याच जातो. मामींना रात्री घरी जाऊन सांगितलं, कागद दाखवून, त्या काही बोलल्या नाहीत पण जेवल्या. गिरणीचं विचारलं तर म्हणाल्या दळण पोराबरोबर पाठवत होते, तिथं काय होतं कुणी बघितलंय.

पोरांचं राहिलं. दोघं आहेत, थोरल्यानं तर कालपासून चपाती सोडलीय भीतीनं.

स्लाईडवाला_टिळकवाडी

थोरल्याला आजच चपाती परत सुरू करायला सांगा!! टेस्ट करायच्या आधी गहू सोडला की टीटीजी खोटा निगेटिव्ह येतो आणि मग काही कळत नाही. रोज खात राहायचं, दोघांनी टीटीजी आयजीए आणि त्याबरोबर एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिद्रव्य, ही टीटीजी टेस्ट त्यावरच चालते) पण करायचं, कारण काहींच्यात आयजीएच कमी असतं आणि टेस्ट फसते. सिलिॲकवाल्याच्या सख्ख्या नात्यात दहातल्या एकाला सिलिॲक निघू शकतो, म्हणून टेस्ट हवी. लिम्फोमा मात्र असा सरळ बापाकडून पोराकडं जात नाही. निगेटिव्ह आली तर चपाती खात राहा, आणि पुढं कधी हिमोग्लोबिन उगाच उतरलं किंवा जुलाब लागले तर परत करा. पॉझिटिव्ह आली तरी घाबरायचं काम नाही, वेळेवर कळलं म्हणायचं.

मलप्रभा_खानापूर

आणि पॉझिटिव्ह आली तर मला मेसेज करा, घरची चक्की कुठली घ्यायची ते सांगते. अल्ब्युमिन २.४ म्हणजे कमी आहे हो, अंडी चालतात का विचारा सोमवारी, चालत असतील तर रोज द्या.